स्वायत्तता आधी खर्चाची, मग कमाईची

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: तुम्ही एका सरकारी रुग्णालयाचे अधीक्षक आहात, रुग्णालयाला आर्थिक आणि व्यवस्थापकीय स्वायत्तता देणारा आदेश आलाय आणि अंमलबजावणी तुमच्या गळ्यात पडलीय. सुरुवात कुठून करावी, आणि कर्मचारी म्हणतात तसं हे मागच्या दाराने येणारं खासगीकरणच आहे का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. खर्च करायचा अधिकार आधी घ्या, कमाई करायचा अधिकार सगळ्यात शेवटी. बहुतेक सरकारं नेमकं उलटं करतात, कारण तिजोरी आटली की मगच त्यांना स्वायत्तता आठवते. क्रम असा उलटा झाला की तुमच्या कर्मचाऱ्यांची शंका खरी ठरायला वेळ लागत नाही.

मी एका रुग्णालयाचं प्रशासन पाहत असताना शस्त्रक्रियागृहातल्या ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेवर सामान निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, दाराची रबरी गॅस्केट फाटली. दारातून वाफ सुटायची, दाब टिकायचा नाही, सामानाच्या ड्रमवर लावलेल्या इंडिकेटर टेपच्या पट्ट्या धड काळ्या व्हायच्या नाहीत, म्हणजे निर्जंतुक झाल्याची खूण मिळायची नाही. थिएटरच्या सिस्टर रोज सकाळी ड्रम ट्रॉलीवर घालून प्रसूती विभागातल्या छोट्या ऑटोक्लेव्हकडे न्यायच्या, आणि तिथलं काम उरकलं की यांचा नंबर लागायचा. गॅस्केटची मागणी सिस्टरकडून मेट्रनकडे, मेट्रनकडून भांडारपालाकडे आणि तिथून लेखा शाखेत गेली. लेखा शाखेने टिप्पणी लिहिली की ‘यंत्रसामग्री दुरुस्ती’ या शीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या त्या ठरलेल्या खात्यात, तरतूद शिल्लक नाही. शिल्लक होती ‘प्रवासखर्चा’त, पण एका शीर्षातली रक्कम दुसऱ्यात वळवायचा अधिकार अधीक्षकांना नव्हता. फाइल वर गेली. वरून विचारणा आली की मागील तीन वर्षांत किती गॅस्केट खरेदी केल्या आणि जुन्यांची विल्हेवाट कशी लावली. नवी गॅस्केट बसायला ७१ दिवस लागले. त्या काळात ठरलेल्या किती शस्त्रक्रिया पुढे गेल्या, याची नोंद कुठल्याच फाइलमध्ये नाही. प्रवासखर्चातली शिल्लक मात्र वर्षअखेरीस बिनबोभाट परत गेली.

आता यात रुग्णाकडून पैसे घेण्याचा प्रश्न कुठे आला? अधीक्षकांना हवे होते ते तीनच अधिकार. ठरावीक मर्यादेपर्यंत स्वतःच्या सहीने खरेदी, शीर्षांमध्ये रक्कम फिरवणं, आणि न खर्चलेली रक्कम पुढच्या वर्षी वापरणं. तुमच्या आदेशात हे तिन्ही आहेत का, ते पहिल्यांदा पाहा. बऱ्याच आदेशांत सुरुवातीला ‘पूर्ण स्वायत्तता’ असे शब्द असतात आणि चौथ्या पानावर ‘प्रचलित वित्तीय नियमांच्या अधीन राहून’ हे वाक्य असतं. ते वाक्य पहिल्या तीन पानांवर पाणी फिरवतं. कुठले प्रचलित नियम लागू राहतील आणि कुठले शिथिल झाले, हे वित्त विभागाकडून लेखी घ्या. तोंडी ‘करा हो, आम्ही आहोत’ याला लेखापरीक्षणात काडीची किंमत नसते.

हे मी अनुभवाने सांगतोय. त्याच रुग्णालयाला पुढे खरेदीचे अधिकार मिळाले, आणि पुढची गॅस्केट दोन दिवसांत आली. आठ महिन्यांनी लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की तीन पुरवठादारांची दरपत्रकं का मागवली नाहीत. आमच्या नव्या नियमात तेवढ्या रकमेला एक दरपत्रक पुरेसं होतं, पण लेखापरीक्षकांकडे तपासणीची जुनीच यादी होती. आक्षेप यथावकाश वगळला गेला. पण ज्या लिपिकाने ती खरेदी केली होती, तो त्यानंतर प्रत्येक कागद आपणहून वर पाठवायला लागला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. माणूस एकदा पोळला की नियम बदलले तरी हात मागेच राहतो. म्हणून खरेदीची नवी नियमपुस्तिका लिहिताना लेखापरीक्षण करणाऱ्या कार्यालयाला पहिल्या मसुद्यापासून सोबत बसवा आणि त्यांची सहमती नोंदवून घ्या. स्वायत्ततेच्या पहिल्या वर्षात तुम्ही एवढं एकच काम नीट केलंत तरी मी तुम्हाला यशस्वी म्हणेन.

आदेश वाचायची एक पद्धत सांगतो. जागतिक बँकेत या विषयावर काम केलेल्यांनी पाच गोष्टी तपासायला सांगितल्या होत्या, आणि त्या अजूनही उपयोगी पडतात. निर्णय कोण घेणार, रुग्णालयाचा पैसा अंदाजपत्रकातून येणार की सेवा विकून, शिल्लक उरली तर ती कोणाची, जाब कोणाला द्यायचा, आणि ज्यांच्याकडून काहीच मिळणार नाही अशा रुग्णांचा खर्च कोण उचलणार. या पाचांपैकी पहिल्या तीन सैल सोडल्या आणि शेवटच्या दोन ठरवल्याच नाहीत की काय होतं, याची उदाहरणं हवी तेवढी आहेत.

चीनचं घ्या. १९८० च्या दशकात तिथे सरकारी रुग्णालयांना कमाईची मोकळीक दिली गेली आणि अनुदान आक्रसत गेलं. रुग्णालयाच्या एकूण उत्पन्नात सरकारचा वाटा पुढे दहा टक्क्यांच्याही आत आला. डॉक्टरांच्या तपासणीचे दर सरकारने मुद्दाम कमी ठेवले, पण औषधांवर १५ टक्के चढवायची परवानगी दिली आणि मोठ्या यंत्रांवरच्या तपासण्यांचे दर खर्चापेक्षा वर ठेवले. डॉक्टरांचा बोनस विभागाच्या उत्पन्नाशी बांधला गेला. मग जे व्हायचं तेच झालं. औषधांच्या चिठ्ठ्या लांबल्या, तपासण्या वाढल्या. २००९ साली सुधारणा हाती घेऊन औषधांवरची ती चढी रक्कम टप्प्याटप्प्याने काढावी लागली आणि २०१७ पर्यंत ती सगळ्या सरकारी रुग्णालयांतून गेली. एकदा दिलेली चुकीची मोकळीक परत घ्यायला तीस वर्षं लागली, असा त्याचा अर्थ.

व्हिएतनामने हेच जास्त बारकाईने केलं. २००२ आणि २००६ च्या आदेशांनी सुरुवात, आणि २०२१ च्या साठ क्रमांकाच्या आदेशात चार गट: चालू खर्च आणि गुंतवणूक दोन्ही स्वतः भागवणारे, फक्त चालू खर्च भागवणारे, अंशतः भागवणारे, आणि पूर्णपणे सरकारवर अवलंबून असलेले. कागदावर हे वर्गीकरण मला आवडतं, कारण सगळ्यांना एकाच मापाने मोजलेलं नाही. पण त्याआधीच, २०१९ मध्ये, चार मोठ्या रुग्णालयांना सर्वांत वरच्या गटासारख्या स्वायत्ततेचा प्रयोग दिला गेला, त्यातल्या हनोईच्या बाक माई आणि ‘के’ नावाचं कर्करोग रुग्णालय या दोघांनी तो राबवला, आणि २०२२ मध्ये दोघांनीही थांबवण्याची विनंती केली. खर्च स्वतः भागवा, पण दर मात्र सरकार ठरवणार, अशी ती मेख होती. त्यात कोविडच्या साथीमुळे रुग्ण घटले, आणि बाक माईमधून दोनशेहून अधिक माणसं सोडून गेली. तुमच्या आदेशात ‘रुग्णालयाने आपला खर्च स्वतः भागवावा’ असं असेल आणि दरपत्रक वरून येणार असेल, तर ही गोष्ट वरिष्ठांसमोर आवर्जून मांडा.

त्याच देशात आणखी एक प्रथा आहे. यंत्र घ्यायला पैसा नाही म्हणून भागीदारीत यंत्र बसवायचं, कधी कधी कर्मचाऱ्यांनीच त्यात पैसे गुंतवायचे आणि उत्पन्नात वाटा घ्यायचा. ज्याने तपासणी लिहून द्यायची त्याचाच यंत्रात वाटा.

अशी भागीदारी मी जवळून पाहिली आहे. दुसऱ्या एका रुग्णालयात सीटी स्कॅन कंपनीने बसवला होता, आणि करारात दरमहा किमान तपासण्यांची हमी होती. संख्या भरली नाही तर फरक रुग्णालयाने भरायचा. मी तिथे गेलो तेव्हा नुसतं रजिस्टर चाळलं. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातले डोक्याचे स्कॅन आधीच्या कुठल्याही आठवड्याच्या जवळपास दुप्पट होते. डोकेदुखी तारीख बघून येत नाही. निवासी डॉक्टरांना विचारलं तर कोणीच ‘आम्हाला सांगितलं जातं’ असं म्हणालं नाही. त्यांच्या ग्रुपवर पंचवीस तारखेला फक्त एक आकडा यायचा, अजून किती बाकी आहेत त्याचा. यात कोणी खलनायक नव्हता. करारावर सही करणाऱ्या अधीक्षकांना खरोखरच यंत्र हवं होतं, कारण त्याआधी डोक्याला मार लागलेले रुग्ण रुग्णवाहिकेतून बाहेर पाठवावे लागायचे. तुमच्यावर अशी वेळ आली तर यंत्र ठरावीक भाड्याने घ्या. उत्पन्नात वाटा आणि किमान संख्येची हमी ही दोन कलमं दिसली की सही करू नका, मग समोरचा कितीही सवलत देवो.

आता उलटी बाजू. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्याने १९९८ पासून नवी सरकारी रुग्णालयं ना-नफा संस्थांकडे व्यवस्थापन कराराने चालवायला दिली. माणसं नेमणं, काढणं, खरेदी करणं, सगळं संस्थेच्या हातात. पैसा मात्र राज्याकडून ठरलेल्या एकत्रित रकमेच्या रूपात, आणि उपचार रुग्णाला मोफत. म्हणजे खर्चाची स्वायत्तता जवळपास पूर्ण आणि रुग्णाकडून कमावण्याची शून्य. सिंगापूरने १९८५ पासून आपली रुग्णालयं कंपनीच्या स्वरूपात आणली, पण मालकी शंभर टक्के सरकारकडे ठेवली आणि अनुदानित वॉर्डांच्या दरांचा लगाम सोडला नाही. उलट न्यूझीलंडने १९९३ मध्ये रुग्णालयांना नफा कमावणाऱ्या कंपन्यांसारखं वागायला सांगितलं आणि दशक संपायच्या आत ते गुंडाळलं. भारतात रोगी कल्याण समित्यांची, म्हणजे रुग्णालयाचा निधी स्थानिक पातळीवर सांभाळणाऱ्या समित्यांची, कल्पना इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात १९९० च्या दशकाच्या मध्याला उंदीर आणि घाण हटवण्याच्या मोहिमेतून निघाली. तेव्हा तिचा भर रुग्णशुल्क आणि देणग्यांवर होता. २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने समित्यांना कुठल्याही शीर्षाला न बांधलेला निधी दिला. माझ्या मते त्या योजनेचा सर्वांत उपयोगी भाग हाच, कारण नळ, पंखा, गॅस्केट असल्या गोष्टी त्यातूनच सुटतात.

‘व्यवस्थापकीय’ हा शब्द आदेशात असतो खरा, पण बहुधा पदनिर्मिती, वेतन आणि बदल्या वरच राहतात. त्यावर फार चिडू नका. मंजूर पदांवरच्या माणसांना नेमण्या-काढण्याचा अधिकार पहिल्याच वर्षी मिळाला तर संघटनांशी भांडण्यात ते वर्ष जाईल. त्यापेक्षा अंतर्गत नेमणुका, ड्युटीचं वेळापत्रक, रजा, प्रशिक्षण आणि कामाच्या मूल्यमापनाचा अहवाल लिहिण्याचा अधिकार घट्ट पकडा. आणि बदलीच्या बाबतीत एकच मागणी करा: अतिदक्षता विभाग, डायलिसिस आणि शस्त्रक्रियागृहात प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेची बदली तुमच्याशी बोलल्याशिवाय आणि बदली माणूस आल्याशिवाय होऊ नये. एवढं मिळालं तरी पुष्कळ.

स्वतःच्या उत्पन्नातून कंत्राटी माणसं घेण्याचा मोह होईल. जरूर घ्या, पण जे उत्पन्न दरवर्षी येणार याची खात्री आहे तेवढ्यावरच. विमा योजनेचे दावे एका वर्षी वेळेवर आले म्हणून बारा जण नेमायचे आणि पुढच्या वर्षी दावे अडकले म्हणून चार महिने पगार थकवायचे, हे फार ठिकाणी झालं आहे. प्रोत्साहन भत्ता द्यायचा असेल तर विभागाच्या उत्पन्नाशी बांधू नका, नाहीतर महिन्याभरात अस्थिरोग विभाग श्रीमंत आणि बालरोग विभाग गरीब होतो. शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली का, जखम चिघळल्याचं प्रमाण किती, डिस्चार्जच्या दिवशी रुग्णाच्या हातात कागद आणि औषधं पडली का, असल्या गोष्टींशी बांधा. आणि सफाई कामगार, वॉर्डबॉय त्यातून सुटता कामा नयेत.

गरीब रुग्णांच्या शुल्कमाफीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमचा सगळ्यात मोठा डोकेदुखीचा विषय तोच होणार आहे. माफी दिली की रुग्णालयाला तोटा, अशी रचना असेल तर काउंटरवरचा माणूस हळूहळू कागद मागायला लागतो. आज हा दाखला, उद्या तो. कोणी असा आदेश काढत नाही, ते आपोआप होतं. उपाय एकच आहे: माफी दिलेल्या प्रत्येक रुग्णाचा खर्च रुग्णालयाला कुठून तरी परत मिळाला पाहिजे, आणि त्याची वेगळी नोंदवही असली पाहिजे. थायलंडने १९९९ च्या कायद्याने बान फाएओ रुग्णालयाला २००० साली स्वायत्त केलं. त्याच सुमारास, २००१-०२ मध्ये, सर्वांसाठीची आरोग्य योजना आली आणि गरीब माणसामागचा पैसा योजनेतून यायला लागला. तो आधार नसता तर बान फाएओचं गणित वेगळं झालं असतं, असं मला वाटतं. आणि एवढं करूनही तिथे इतर रुग्णालयांनी त्या वाटेने जाण्याची घाई केली नाही, हेही लक्षात ठेवा.

नियामक मंडळाबद्दल. तुमच्या आदेशात मंडळ असेल, आणि त्याच्या बैठकीची विषयपत्रिका तुम्हीच तयार कराल. पहिल्याच बैठकीपासून तिच्यात पैशाआधी रुग्ण ठेवा. इंग्लंडमधलं मिड स्टॅफर्डशायरचं प्रकरण या बाबतीत पाठ असावं. तिथलं सरकारी रुग्णालय चालवणाऱ्या ट्रस्टने जास्त स्वायत्तता देणारा ‘फाउंडेशन’ दर्जा मिळवण्यासाठी २००६-०७ मध्ये खर्च आणि पदं कापली. फेब्रुवारी २००८ मध्ये दर्जा मिळालाही. २००९ च्या तपासणी अहवालात आणि नंतर २०१३ च्या रॉबर्ट फ्रान्सिस चौकशी अहवालात पुढे आलं की त्याच काळात वॉर्डांत रुग्णांची भयानक आबाळ होत होती, आणि मंडळाचं लक्ष ताळेबंदावर होतं. तक्रारी येत होत्या, पण त्या मंडळापर्यंत पोचेपर्यंत त्यांची टक्केवारी झालेली असायची. म्हणून माझी एक सवय होती: दर बैठकीत एक तक्रार, नाव झाकून, रुग्णाने लिहिली तशीच्या तशी वाचून दाखवायची. पहिल्यांदा सदस्यांना अवघडल्यासारखं झालं. तिसऱ्या बैठकीला एक सदस्य आपणहून वॉर्डात गेले.

आणि हिशेब. नेहमीच्या सरकारी रोखवहीवर स्वायत्त रुग्णालय चालत नाही, कारण तिच्यात येणं-देणं दिसत नाही, फक्त आलेले-गेलेले पैसे दिसतात. व्यापारी पद्धतीच्या दुहेरी नोंदी करणारा एक चांगला लेखापाल पहिल्या तीन महिन्यांत मिळवा, मग बाकीचं. प्रत्येक वॉर्डाचा खर्च काढायला लगेच बसू नका, त्यात वर्ष निघून जाईल. शस्त्रक्रियागृह, प्रयोगशाळा, औषध भांडार आणि धुलाई या चारांचाच काढा. धुलाईचा आकडा पाहून तुम्ही चकित व्हाल, मी झालो होतो.

एकदा मिळालेली स्वायत्तता कायमची असते असंही समजू नका. केनियात २०१३ साली कारभार जिल्ह्यासारख्या काउंटींकडे गेला, आणि रुग्णालयांना आपलं उत्पन्न काउंटीच्या महसूल निधीत भरावं लागायला लागलं. आधी जे पैसे रुग्णालय स्वतः वापरत होतं, त्यासाठी पुन्हा फाइल. तो पैसा रुग्णालयाकडेच ठेवण्याची तरतूद कायद्याने व्हायला २०२३ उजाडावं लागलं. त्यामुळे तुमचे अधिकार कुठल्या कागदावर उभे आहेत ते पाहा. परिपत्रकावर उभे असतील तर ते दुसऱ्या परिपत्रकाने जातात.

खासगीकरणाच्या शंकेचं उत्तर कर्मचाऱ्यांना भाषणातून देऊ नका. त्यांना आदेशातलं ते एक कलम दाखवा, ज्यात सरकारचं अनुदान पुढच्या पाच वर्षांत किती राहील हे लिहिलेलं आहे. असं कलम नसेल तर त्यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि तुम्ही त्यांच्या बाजूने वर लिहायला हवं.

शेवटचं एक, किरकोळ वाटेल. आदेश अमलात येण्याची तारीख आर्थिक वर्षाच्या मध्ये असेल तर ती नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी न्यायची विनंती आजच पाठवा. अर्धं वर्ष जुन्या शीर्षांत आणि अर्धं नव्या खात्यात, असा हिशेब जुळवताना आमच्या लेखा शाखेचे तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत पुरवठादारांची बिलं थकली आणि ऑक्सिजनवाल्याने रोज सकाळी फोन करायला सुरुवात केली.